कडी लावायला यादी, काढायला तारीख

2022च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलला, महाराष्ट्रातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. पण त्या दिवशी इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून बारामतीला यायचं म्हटलं, तर नेहमीची एसटी मिळेलच याची खात्री नव्हती. ऑक्टोबर 2021च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप मिटलेला नव्हता. 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा, असा उच्च न्यायालयाचा आदेश पाडव्यानंतर आला. राज्य उघडलं होतं, पण ज्या गाडीत बसून बाहेर पडायचं ती आगारात उभी होती.

साथीनंतर माणसं पुन्हा माणसांत कशी आली, या प्रश्नाचा आढावा बहुतेक वेळा सरकारी आदेशांच्या तारखांवरून घेतला जातो. जून 2020 मधलं ‘मिशन बिगिन अगेन’, जून 2021 मधले पाच स्तर, ऑक्टोबर 2021 मधली शाळा-मंदिरं आणि मग हा पाडवा. बारामती आणि इंदापूर या शेजारच्या दोन तालुक्यांत मात्र या तारखा एकेका घरात वेगवेगळ्या वेळी पोचल्या आणि काही घरांत पोचल्याच नाहीत. इथे ऊस आहे, दूध आहे, एमआयडीसी आहे, उजनी धरणाचं पाणलोट आहे आणि तुकोबांच्या पालखीची वाट आहे. कोण आधी बाहेर आलं आणि कोण मागे राहिलं, हे इतक्या थोड्या अंतरात इतकं स्पष्ट दिसावं अशा जागा थोड्या आहेत.

बंद करण्याची शिस्त

राज्यातले पहिले रुग्ण 9 मार्च 2020ला पुण्यात आढळले आणि 25 मार्चपासून देश बंद झाला. बारामती शहरात रुग्ण निघाल्यावर एप्रिलमध्ये राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर शहर बंद करण्यात आलं. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. रस्ते अडवले गेले, घरोघर तपासणी झाली, आणि भाजी, दूध, किराणा, औषधं दारात पोचवायला प्रभागवार स्वयंसेवक नेमले गेले. नागरिकांनी घराबाहेर पडायचंच नाही, हा या पद्धतीचा गाभा. पण ती चालली ती दुसऱ्या एका गोष्टीमुळे. कुठल्या घरात कोण आहे, कुणाला कसली गोळी लागते, कुणाकडे पाहुणा उतरलाय, हे कुणीतरी दारात जाऊन विचारत होतं आणि लिहून ठेवत होतं.

खेड्यांनी आपल्या परीनं हेच केलं. वेशीवर बाभळीच्या फांद्या पडल्या. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा रानातल्या घरात ‘कोरोंटाइन’ करण्यात आलं. त्यात क्रूरपणा होता, भाऊबंदकीचे जुने हिशेबही चुकते झाले. तरी शाळेत ठेवलेल्या माणसाला डबा कोण देणार, हे गावात ठरलेलं असे. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई पुन्हा प्रत्येक उंबऱ्यावर गेल्या, ताप आणि ऑक्सिजन मोजून आल्या. म्हणजे माणसाला आत ठेवायचं होतं, तेव्हा आपल्याकडे घराघराची यादी होती.

जे थांबलंच नाही

‘एकांतवास’ हा शब्द शेतकऱ्याच्या घराला अर्धाच लागू पडतो. गाई-म्हशींची धार कुणाच्या आदेशानं थांबत नाही. हॉटेलं, मिठाईची दुकानं, लग्नसराई बंद पडल्यावर दुधाची मागणी कोसळली आणि दर पार खाली आले. राज्य सरकारनं एप्रिल 2020 पासून रोज 10 लाख लिटर दूध 25 रुपये दरानं घेऊन भुकटी करण्याची योजना आणली. तरीही 20 जुलै आणि 1 ऑगस्टला दूध आंदोलनं झालीच. गोठ्यातला माणूस घरात कोंडला गेला नव्हता, तो बाजारातून कापला गेला होता. त्यामुळे त्याच्यासाठी बाहेर येणं म्हणजे गिऱ्हाईक परत येणं. ते आलं तसा तो सावरला, पण मधल्या काळात विकलेली दावणीची गाय परत आली नाही.

ऊसतोडीची गोष्ट याहून कठीण. टाळेबंदी लागली तेव्हा बीड, नगर, जालना भागातल्या टोळ्या कारखान्यांच्या भागात फडावरच होत्या. हंगाम संपून पट्टा पडला तरी गावी जाता येईना. राज्यभरात अडकलेल्या सुमारे 1 लाख 31 हजार ऊसतोड कामगारांना तपासणी करून गावी सोडण्याचा निर्णय 17 एप्रिल 2020ला झाला. गावी गेल्यावर त्यांच्याच वेशीवर पुन्हा विलगीकरण. आणि सहा महिन्यांनी, लस अजून यायची होती तेव्हा, मुकादमाची उचल घेतलेली कोयत्यांची जोडपी पुन्हा माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या ‘छत्रपती’ आणि इंदापूरच्या ‘कर्मयोगी’च्या उसात उतरली. या लोकांना बाहेर यायचं की नाही, हे ठरवायची सोयच नव्हती. त्यांना न्यायला ट्रॅक्टर आला आणि ते निघाले. 2021-22 च्या हंगामात राज्यात सुमारे 137 लाख टन विक्रमी साखर झाली आणि काही भागांत गाळप जूनपर्यंत लांबलं. भर उन्हाळ्यात तापलेल्या पाचटात तोडणी चालू राहिली, तीही याच माणसांच्या डोक्यावर.

बारामती एमआयडीसीतले कारखाने आणि टेक्सटाइल पार्क टप्प्याटप्प्यानं सुरू झाले. तिथे वेगळीच अडचण आली. पार्कातल्या कामगारांत स्त्रियांचं प्रमाण मोठं. पाळीची गाडी सुरू झाली, पण पोराची शाळा बंद होती आणि त्याला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता. कामाचं दार आधी उघडलं आणि शाळेचं दीड वर्षानं. या क्रमाची किंमत घरातल्या बाईनं मोजली. कुठल्याही अनलॉक आदेशात तिचा उल्लेख नव्हता.

भिगवण-कुंभारगावच्या नावाड्यांचं वेळापत्रक तर हंगामावरच चालतं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी हिवाळ्यात येतात. त्या दोन-चार महिन्यांत पाहुणा आला नाही, की वर्ष गेलं. पुढे लोक आले ते मात्र आधीपेक्षा मोकळ्या हवेला आसुसलेले. साथीनंतर ज्या थोड्या जणांचा धंदा सुधारला, त्यांत हे एक.

पालखी परत आली तेव्हा

या दोन तालुक्यांना सार्वजनिक जीवन परत मिळालं ते कुठल्या आदेशानं नाही, वारीनं. तुकोबांची पालखी देहूहून निघते, पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते, आणि तिथून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत नीरा ओलांडून अकलूजला जाते. वाटेत काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचं रिंगण होतं. सराटीला नीरेत पादुकांचं स्नान होतं. मार्गावरच्या घरांना वर्षाचे महिने पालखीच्या आधीचे आणि पालखीनंतरचे असेच मोजायची सवय.

2020 मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. जे अंतर दोन-अडीच आठवड्यांत पायी कापायचं, ते काही तासांत संपलं. आषाढी 1 जुलैला होती. 2021 मध्येही तेच झालं. मानाच्या 10 पालख्यांना मोजक्या माणसांसह बसनं परवानगी मिळाली. सलग दोन आषाढ्या काटेवाडीची धोतरं घडीतच राहिली.

20 जून 2022ला देहूहून प्रस्थान झालं आणि पालखी पुन्हा पायी आली. ही गर्दी नेहमीची यात्रा म्हणून पाहिली तर तिचं काम लक्षात येत नाही. वाटेवरच्या अनेक घरांत दरवर्षी तीच दिंडी उतरते. तिला पिठलं-भाकरी, पाणी, अंग टाकायला ओसरी. या घरांनी दोन वर्षं पाहुण्यालाच नव्हे, सख्ख्या भावालाही चार हात लांब ठेवलं होतं. ज्या पाहुण्याला नाही म्हणताच येत नाही, असा पाहुणा आता दारात उभा राहिला. ओसरीवर पंगत बसली आणि लांब बसायची सवय त्या एका रात्रीत मोडली. दुसरं काम याहून मोठं होतं. घरमालक दिंडीतले चेहरे मोजत होता आणि दिंडी घरातले. कोण आलं नाही, कोण गेलं, कोणत्या लाटेत गेलं, हे विचारलं गेलं आणि सांगितलं गेलं. मुक्कामी सगळ्यांच्या देखत अशा नावांची उजळणी झाली. त्या रात्रीचं हे काम कुठल्या समुपदेशन केंद्राला जमलं नसतं.

ग्रामदैवतांच्या जत्रांनीही परतल्यावर हेच केलं. त्याआधी 2020 आणि 2021 च्या चैत्र-वैशाखात पालखी देवळातल्या देवळात फिरली, कुस्त्यांचा फड आणि तमाशा रद्द झाला. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची बाजारपेठ. तिथल्या फडांच्या राहुट्या दोन हंगाम सुन्या राहिल्या. मोरगावच्या मयूरेश्वराचं दार आधी नोव्हेंबर 2020 मध्ये दिवाळी पाडव्याला उघडलं, दुसऱ्या लाटेत बंद झालं आणि 7 ऑक्टोबर 2021ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडलं. तिथे हार-नारळ विकणाऱ्यांची चूल त्या तारखांवर पेटली आणि विझली.

एक आक्षेप इथे नोंदवायला हवा. वारी आणि जत्रा सगळ्यांना सारखं कवेत घेत नाहीत. फडावरची टोळी जत्रेची पाहुणी नसते. आजारी, अंथरुणाला खिळलेला म्हातारा ओसरीपर्यंतही येत नाही. आणि ज्या बाईचा नवरा नुकताच गेला, ती पंगतीत वाढायला पुढे येत नाही, तिला येऊ दिलं जात नाही. समाजानं स्वतःहून उघडलेल्या दारांनाही जुने उंबरे असतात.

पहिलीचं पोर थेट दुसरीत

सगळ्यात उशिरा बाहेर आली ती लहान मुलं. शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबरपासून स्थानिक परिस्थिती पाहून सुरू करायला परवानगी मिळाली. पाचवी ते आठवीचे जानेवारी 2021 मध्ये उघडले, पुन्हा मिटले आणि ग्रामीण भागात 4 ऑक्टोबर 2021ला परत सुरू झाले. पहिली ते चौथीला 1 डिसेंबर 2021 उजाडावा लागला. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात पहिल्यांदा बसलं ते दुसरीत असताना. पहिलीत बसायचं कसं, रांगेत उभं कसं राहायचं, शेजारच्याची पेन्सिल घेतली तर काय होतं, हे शिकवणारं वर्ष त्याच्या वाट्याला आलंच नाही. शिवाय महिनाभरात ओमायक्रॉन आला आणि शाळा पुन्हा बंद झाल्या.

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा प्रयोग प्रामाणिक होता. वस्तीवर फिरून, पारावर, देवळात मुलं बसवणारे शिक्षक या भागातही होते. पण घरात एकच फोन आणि तो बापाच्या खिशात, ही स्थिती कोणताही उपक्रम बदलू शकत नव्हता. जुलै 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यास आला, तोही बऱ्याच अंशी वर्गाबाहेर. दहावीची 2021 ची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल 99.95 टक्के लागला. 2022 मध्ये परीक्षा झाली तेव्हा मंडळानं मोठ्या पेपरांना अर्धा तास जास्त दिला, कारण मुलांच्या हाताची लिहिण्याची सवय गेली होती. या पिढीनं काय गमावलं याची इतकी नेमकी सरकारी कबुली दुसरी सापडत नाही.

पुढचं चित्र पूर्ण काळं नाही. देशभरातल्या ‘असर’ पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 2018 मध्ये 20.9 टक्के होती. 2022 मध्ये ती 16.3 वर आली आणि 2024 मध्ये 23.4 झाली. खड्डा भरला, असं हे आकडे सांगतात. पण 2024 मध्ये तिसरीत असलेली मुलं टाळेबंदीत शाळेच्या वयाची नव्हतीच. ज्यांचं वर्ष बुडालं ती मुलं वरच्या वर्गांत सरकली आणि तिसरीच्या आकड्यातून नाहीशी झाली.

आणि एसटी. मोठ्या मुलांची शाळा 4 ऑक्टोबरला उघडली, महिनाभरात संप लागला. वाडी-वस्तीवरची आठवी-नववीची मुलगी पास काढून एसटीनं शाळेला जाते. वडापच्या जीपला पैसे द्यायचे आणि अनोळखी पुरुषांत दाटीनं बसायचं, याला पुष्कळ घरांनी नकार दिला. दीड-एक वर्ष घरात बसलेल्या मुलीला आणखी सहा महिने घरी ठेवायला निमित्त मिळालं आणि त्या वयातल्या मुलीला घरी ठेवण्याचा शेवट आपल्याकडे अनेकदा मांडवात होतो. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, हा वेगळा वाद आहे. साथीनंतर सगळ्यात आधी पूर्ववत व्हायला हवी अशी सेवा सगळ्यात शेवटी पूर्ववत झाली, एवढं मात्र खरं.

ज्यांची माती नीट झाली नाही

या पट्ट्यात माणूस गेला की गाव मातीला जातं. मग सावडणं, दहावा, तेरावा. दहाव्याला प्रवचन असतं, नातेवाईक-पुढारी चार शब्द बोलतात, माणसाचं आयुष्य जाहीरपणे मांडलं जातं. कोरोनात मृतदेह पिशवीतून परस्पर स्मशानात गेला. दुसऱ्या लाटेत बारामतीच्या दवाखान्यांत खाट आणि ऑक्सिजन शोधत फिरलेल्या घरांना शेवटचं तोंडही दिसलं नाही. अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा होती. लग्नं एप्रिल 2021च्या आदेशानुसार 25 जणांत, दोन तासांत. लग्न पुढे ढकलता आलं, मातीचं तसं करता येत नाही. अपुरा राहिलेला शोक मग वर्षश्राद्धाला, पुढच्या दिवाळीला बाहेर पडत राहिला.

विधवांचा प्रश्न सगळ्यात खोल. तरुण कर्ता पुरुष गेला की सातबाऱ्यावर वारसनोंद, सोसायटीचं कर्ज, कारखान्याचा शेअर, दुधाचं खातं, सगळं एकाच वेळी अंगावर येतं आणि ही प्रत्येक कचेरी पुरुषांची. राज्यानं ऑगस्ट 2021 मध्ये ‘मिशन वात्सल्य’ आणलं, तालुकास्तरावर समित्या केल्या. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे 5 लाखांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय झाला. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीनंतर मृतांच्या वारसांना 50 हजारांचं साहाय्य मिळालं. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनं या बायकांच्या याद्या केल्या आणि अर्ज भरून घेतले. साथीनंतरच्या काळात घरोघर जाऊन नाव लिहून घेण्याचं काम झालं ते असं, मुख्यतः कार्यकर्त्यांच्या पायांनी.

उजनीच्या पलीकडच्या काठावर करमाळा तालुका. तिथल्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांच्या एका सहकाऱ्याचा साथीत मृत्यू झाला. त्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं पाहून त्यांनी विधवा प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. एका बाईला पंगतीत, हळदी-कुंकवात, कारखान्याच्या सभेत उभं राहता यावं, हाही साथीतून बाहेर येण्याचाच भाग. ठराव सोपा असतो, अंमल अवघड. तरी साथीनं आपल्याकडून काढून घेतलेल्या गोष्टींच्या लांबलचक यादीत, तिच्यामुळे मिळालेली म्हणावी अशी ही एक गोष्ट आहे.

मनाचं काय

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2022 मध्ये सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी वाढलं. भारतानं 10 ऑक्टोबर 2022ला ‘टेलिमानस’ ही 14416 क्रमांकाची फोनसेवा सुरू केली. सोय चांगली आहे. पण आपल्याकडे मन बिघडलं असं कुणी म्हणत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, लोकांत जावंसं वाटत नाही, असं म्हणतात आणि जनरल डॉक्टरकडे जाऊन सलाइन लावून येतात. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साथीत ते आणि सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय यांचा आधार दोन्ही तालुक्यांनी घेतला. ऑक्सिजनसाठी उभी राहिलेली ती यंत्रणा झोप न लागणाऱ्या माणसापर्यंत, गावच्या उपकेंद्रापर्यंत, पोचवणं हे काम अजून व्हायचं आहे.

आधीच्या साथींनी काय शिकवलं

हा मुलूख साथीला नवखा नाही. 1896 पासूनच्या प्लेगात गाव उठून रानात झोपड्या घालून राहत असे आणि उंदीर पडायचे थांबले की परतत असे. पुण्यातल्या त्या प्लेगात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897ला गेल्या. घराघरात शिरून झडती घेणाऱ्या कारभाराबद्दलचा संताप त्याच वर्षी 22 जूनला प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावरच्या प्राणघातक गोळीबारापर्यंत गेला. 1918 च्या इन्फ्लुएन्झानं, लोकांच्या तोंडच्या मानमोडीनं, मुंबई इलाख्यात 10 लाखांहून अधिक माणसं नेली. त्या वर्षी पाऊसही नव्हता. 1911 ते 1921 या दशकात आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे 3 टक्क्यांनी घटली.

प्लेग लोकांच्या आठवणीत राहिला, कारण त्यात सगळं गाव मिळून बाहेर गेलं आणि मिळून परत आलं. मानमोडी काही आठवड्यांत घराघरातून माणूस उचलून गेली आणि तिची आठवण मागे फारशी राहिली नाही. ज्या संकटातून माणसं एकत्र बाहेर येतात ते सांगितलं जातं. जे ज्यानं त्यानं आपापल्या घरात सोसलं, ते नातवापर्यंत पोचत नाही. कोरोना यातला कोणता ठरेल, हे अजून ठरायचं आहे.

हिशेब

दोन तालुक्यांचा हा पट मांडल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. ज्यांना न्यायला कुणी आलं ते बाहेर आले, मग तो मुकादमाचा ट्रॅक्टर असो, दुधाचा टेम्पो असो की ओसरीवर उतरलेली दिंडी. सगळ्यांचं नेणं न्याय्य होतं असं नाही. टोळीचं तर मुळीच नव्हतं. पण पहिलीतलं पोर, एसटीविना राहिलेली मुलगी, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे एकटी गेलेली बाई आणि अंथरुणावरचा म्हातारा, यांच्याकडे फक्त आदेशाची तारीख पोचली, माणूस पोचला नाही.

याचा उपाय गूढ नाही, कारण तो आपण एकदा करून दाखवला आहे. प्रभागवार स्वयंसेवक होते, आशाताईंच्या वह्या होत्या, गावाच्या समित्या होत्या. 5 मे 2023ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तोवर या वह्या कधीच कपाटात गेल्या होत्या. पुढची साथ आली तर बंदच्या आदेशासोबतच उघडण्याचीही यादी तयार व्हावी. प्राथमिक वर्ग कधी भरणार, मुलींची एसटी कोणत्या मार्गावर आधी धावणार, मृताच्या घरी वारसनोंदीचा अर्ज घेऊन कोण जाणार, महिनाभर घराबाहेर न दिसलेल्या माणसाच्या दारात कुणी जायचं. यात मोठा निधी लागत नाही, त्याच माणसांना त्याच उंबऱ्यावर दुसऱ्यांदा पाठवावं लागतं. आशाताईंनी जून 2021 मध्ये मानधनासाठी संप केला होता. या दुसऱ्या फेरीचे पैसे त्यांना वेळेवर द्यावे लागतील, एवढाच यातला खर्च.